ओकेटी-४ चा नकार : एका प्रतिपिंडाच्या साक्षीची चिकित्सा

मानवी टी-पेशींवरील सीडी-४ या प्रथिनाचा शोध मोनोक्लोनल प्रतिपिंडांच्या साहाय्याने घेतला जातो. कोलर व मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये हायब्रिडोमा तंत्र प्रसिद्ध केले आणि एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले. १९७९ मध्ये कुंग, गोल्डस्टाइन, राइनहर्ट्झ व श्लॉसमन यांनी ओकेटी-४ चे वर्णन केले. (नावातील ‘ओ’ ऑर्थो कंपनीचा, ‘के’ कुंग यांचा.) १९८२ च्या पॅरिस कार्यशाळेपासून अशा प्रतिपिंडांची सीडी क्रमांकांनुसार वर्गवारी होऊ लागली. ही सोय मोठीच होती. पण क्रमांक एक म्हणजे प्रतिपिंडेही एकसारखी, हा समज तिच्याच आडोशाने रुजला.

वस्तुतः प्रतिपिंड संपूर्ण प्रथिन ओळखत नाही. ते त्यावरील एपिटोप या लहानशा भागाला चिकटते. सीडी-४ चा पेशीबाहेरील भाग चार खंडांचा आहे. ल्यू-३ए व ओकेटी-४ए ही प्रतिपिंडे टोकाच्या पहिल्या खंडाला चिकटतात, तर ओकेटी-४ पेशीपटलाच्या अधिक जवळच्या तिसऱ्या खंडाला. काही निरोगी व्यक्तींच्या, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या व जपानी व्यक्तींच्या, पेशी ओकेटी-४ ला मुळीच प्रतिसाद देत नाहीत, असे १९८० च्या दशकात आढळले. प्रथिनातील २४० व्या स्थानी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन असणे, हे त्याचे कारण. हा बदल आई-वडील दोघांकडून आला तर पेशी रंगतच नाहीत. एकाकडून आला तर चमक साधारण निम्मी दिसते. प्रथिन मात्र जागेवर असते आणि ल्यू-३ए ते बिनचूक दाखवते.

ही बाब केवळ तांत्रिक नव्हे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या १९९३ च्या व्याख्येनुसार एचआयव्हीबाधित प्रौढ व्यक्तीच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे २०० पेक्षा कमी सीडी-४ पेशी असणे म्हणजे एड्स. अशा व्यक्तीमध्ये हा बदल असेल आणि मोजणी केवळ ओकेटी-४ ने झाली, तर आकडा शून्याजवळ येईल. नेहमीची नियंत्रणे येथे उपयोगी पडत नाहीत. आयसोटाइप नियंत्रण नको तेथे चिकटणारे प्रतिपिंड दाखवते, न चिकटणारे नव्हे. आणि दुसऱ्या दात्याचे रक्त उत्तम रंगल्यामुळे प्रतिपिंड निर्दोष ठरून सारा दोष रुग्णाच्या माथी येतो. सीडी-३ असलेल्या पण सीडी-८ नसलेल्या पेशी भरपूर दिसत असतील, तर मात्र जाणत्या तंत्रज्ञाला शंका यावी.

म्हणून शोधनिबंधांत आढळणारे ‘सीडी-४ विरोधी प्रतिपिंड वापरले’ हे वाक्य अपुरे ठरते. त्यात क्लोनचे नाव नसेल तर वाचकाला निष्कर्ष तपासताच येत नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत, जेथे एकच कुपी वर्षभर पुरवावी लागते, तेथे हे नाव नोंदवहीत असणे अधिकच गरजेचे.

तथापि ओकेटी-४ टाकाऊ ठरवणे हा उपाय नव्हे. एचआयव्हीचे जीपी-१२० हे प्रथिन सीडी-४ च्या पहिल्याच खंडाला चिकटते. तो खंड झाकला गेला की ल्यू-३ए ला जागा उरत नाही. ओकेटी-४ मात्र तेव्हाही सीडी-४ दाखवू शकते.