एका छायाचित्राचे मोल आणि मर्यादा

पोषकद्रव्ये वाढून सरोवरात शैवाल माजते, त्याला सुपोषण म्हणतात. ते शिकवताना डेव्हिड शिंडलर यांच्या १९७४ च्या शोधनिबंधातील छायाचित्र वर्गात जरूर दाखवावे, असे आम्हांस वाटते. कॅनडातील २२६ क्रमांकाच्या सरोवराचे पडद्याने दोन भाग केले होते. दोन्हींत कार्बन व नायट्रोजन मिसळले. फॉस्फरस मात्र एकातच. तोच भाग हिरवा झाला. बाटलीतील प्रयोगांपेक्षा अख्ख्या सरोवराची साक्ष मोठी, हे या कामाचे मोल.

मात्र छायाचित्रात गाळ दिसत नाही. सांडपाणी अडवल्यावरही गाळात साठलेला फॉस्फरस वर्षानुवर्षे पाण्यात उतरू शकतो. शिवाय किनाऱ्यालगतच्या समुद्रात अनेकदा नायट्रोजनच अपुरा असतो. म्हणून ‘फॉस्फरस रोखा’ हे उत्तर विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेण्याऐवजी ‘या पाण्यात कमी काय आहे?’ हा प्रश्न त्यांना विचारायला शिकवावा.