जहाजावरची शपथ : व्हिटमन आणि मेलव्हिल

अमेरिकन लोकशाहीचा कवी म्हटला की वॉल्ट व्हिटमनचे नाव ओठांवर येते. हर्मन मेलव्हिलचे नाव त्या संदर्भात सहसा कोणी घेत नाही. तो आपला देवमाशाच्या गोष्टीचा लेखक! वास्तविक दोघेही १८१९ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मले आणि सहा महिन्यांच्या अंतराने निवर्तले. मेलव्हिल सप्टेंबर १८९१ मध्ये, व्हिटमन मार्च १८९२ मध्ये. सामान्य माणूस हाच दोघांचाही विषय. मात्र ह्या माणसाच्या हाती सत्ता आल्यावर काय घडते, हे मेलव्हिलने अधिक खोल पाहिले, असे माझे मत आहे.

१८५५ साली व्हिटमनने ‘लीव्हज ऑफ ग्रास’ हा बारा कवितांचा संग्रह स्वखर्चाने छापला. शीर्षकपृष्ठावर कवीचे नाव नव्हते. शेजारी कामकऱ्याच्या वेषातील त्याचे चित्र तेवढे होते. सुतार, नावाडी, वेश्या, राष्ट्राध्यक्ष, पळून आलेला गुलाम, सारे त्याच्या काव्यात एका पंगतीला बसतात आणि मानाचा पाट कोणालाच नसतो. खरे सांगायचे तर, सेमिनरीत असताना ह्या लांबलचक याद्यांनी मी कंटाळलो होतो. त्यांचे मोल उमगले ते पुढे त्याचे चरित्र वाचल्यावर. डिसेंबर १८६२ मध्ये यादवी युद्धात जखमी झालेल्या भावाच्या शोधात तो व्हर्जिनियात गेला आणि तेथून वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयांत रमला. जखमी सैनिकांची पत्रे तो लिहून देई, फळे वाटी, मरणासन्न पोरांच्या उशाशी बसे. सैनिक उत्तरेचा की दक्षिणेचा, हा भेद त्याने केला नाही. यादीतल्या माणसांना येथे चेहरे लाभले.

पुढे ‘डेमोक्रॅटिक व्हिस्टाज’ (१८७१) ह्या गद्यग्रंथात त्याने देशातील भ्रष्टाचारावर कोरडे ओढले. परंतु मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा प्रश्न आला तेव्हा ह्या उदार कवीचेही मन आखडले. पंगतीला बसवणे निराळे आणि मत देऊ देणे निराळे!

मेलव्हिल १८४१ साली स्वतः देवमाशांच्या शिकारी जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. ‘मोबी डिक’ (१८५१) मधील जहाजावर दक्षिण समुद्रातील बेटवासी, अमेरिकेचे मूळ रहिवासी, आफ्रिकन, गोरे असे सगळे एकत्र राबतात. कष्टकऱ्याचे मोठेपण थेट देवाकडून येते, असे मेलव्हिल एका प्रकरणात आवर्जून सांगतो. इथवर तो व्हिटमनच्या अगदी निकट आहे.

आणि मग तो प्रसंग येतो. आपला पाय तोडणाऱ्या पांढऱ्या देवमाशाचा सूड घ्यायला निघालेला कप्तान एहॅब सर्वांना डेकवर गोळा करतो, डोलकाठीवर सोन्याचे नाणे ठोकतो, दारू फिरवतो आणि शपथ घ्यायला लावतो. चाबूक उगारला जात नाही. लोक आपखुशीने आरोळी देतात! एकटा स्टारबक विरोध करतो. मुक्या जनावरावर सूड उगवणे हे त्याला पाप वाटते. पण तोही नमतो. पुढे एका रात्री झोपलेल्या कप्तानाच्या खोलीबाहेर तो बंदूक घेऊन उभा राहतो, आणि ती जागेवर ठेवून निघून जातो. हुकूमशहाला ठार मारणे त्याच्या सदसद्विवेकाला पटत नाही, हे मला समजते. परंतु भर सभेत, बोलायच्या वेळी, तो फार लवकर गप्प बसला ही माझी त्याच्याविषयीची तक्रार आहे. एक जण सोडून सारे बुडतात. खलाशी कवडीमोल असते तर ही शोकांतिका झालीच नसती. तेवढे ऋण मेलव्हिलच्या वाचकाने व्हिटमनचेही मानावे.

ब्रुकलिनच्या नावेवरील कवितेत व्हिटमनही आपले दोष मोजतो. पण ते त्याच्या एकट्याचे दोष. वाचलेला इश्माएल निराळेच कबूल करतो : त्या आरोळीत माझाही आवाज होता.