दोन कैलास

परदेशांतील एखाद्या दगडावर आपल्या पुराणांतील कथा कोरलेली दिसली म्हणजे माणसाचें मन भरून येतें. आणि मन भरून आलें कीं डोळे नीट पाहीनासे होतात. कंबुजदेशाच्या देवळांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें तें बहुतेक अशा भरल्या मनानें लिहिलेलें असतें. १९२६ सालीं कलकत्त्यास ग्रेटर इंडिया सोसायटी स्थापन झाली, तेव्हां देश परतंत्र होता आणि अंगकोरच्या शिखरांचा आपल्या विद्वानांना मोठा आधार वाटला. ती गरज समजण्यासारखी होती. तिनें अभ्यासही पुष्कळ करविला. रमेशचंद्र मजुमदारांसारख्यांचे श्रम कोणीं कमी लेखूं नयेत. पण गरज सरली तरी भाषा उरली. ‘आपल्या लोकांनीं तेथें जाऊन देवळें बांधलीं’ हें वाक्य अजून कानांवर येतें. इतिहास म्हणून तें खोटें आहे. बांधणारे राजे ख्मेर, राबणारे हात ख्मेर आणि त्यांची बोली आर्य किंवा द्राविड या दोहोंहून वेगळ्या कुळांतली. परंतु माझी तक्रार रसिकाची आहे : हें वाक्य एकदां तोंडांत बसलें कीं देऊळ पाहाण्याचें कारणच उरत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. रावणानें कैलास हालविला ही कथा वेरूळच्या कैलास लेण्यांत आहे. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळचें, आठव्या शतकांतलें हें काम. तेथें रावण खालीं अंधाऱ्या पोकळींत सांपडला आहे, वर पार्वती घाबरून शंकराचा हात धरते, दासी पळत सुटली आहे, आणि शंकर नुसता पाय टेकवून बसला आहे. शिल्पकारानें सारी भिस्त डोंगराच्या वजनावर ठेवली. तें वजन त्याला आयतेंच मिळालें होतें, कारण ज्यांत तो कोरीत होता तोच डोंगर होता.

हीच कथा अंगकोरच्या ईशान्येस बांते स्रेइ या देवळांत पाहावी. ९६७ सालीं प्रतिष्ठा झालेलें हें देऊळ राजानें बांधविलेलें नसून यज्ञवराह नांवाच्या राजगुरूनें बांधविलें. तांबूस वालुकाश्माचें आणि इतकें ठेंगणें कीं मोठ्या माणसाला गाभाऱ्याच्या दारांत वांकावें लागतें. त्याच्या आवारांतल्या एका लहान इमारतीच्या त्रिकोणी माथ्यावर रावण आहे. पण येथला कैलास खडकाळ नाहीं. तो पायऱ्यापायऱ्यांनीं वर निमुळता होत जाणारा, रेखीव असा आहे. तळाशीं जनावरें भेदरून पळतात, त्यांच्यावर पशुमुखी गण, आणखी वर जटाधारी ऋषि, आणि अगदीं टोकाला शिव व त्याला बिलगलेली उमा. प्रत्येकाची घबराट वेगळी, आणि प्रत्येक जण आपापल्या पायरीवर! वेरूळास भय एका ठिकाणीं सांठलें आहे. येथें तें खालून वर मजल्यामजल्यानें चढत जातें.

हा पायऱ्यांचा कैलास कोठून आला? अशा पर्वताचें वर्णन त्या शिल्पकारानें पोथींत ऐकलें असेल असें मला वाटत नाहीं. त्यानें तो डोळ्यांनीं पाहिला होता. इंद्रवर्म्यानें ८८१ सालीं बाकोंग येथें पांच टप्प्यांचा पाषाणपर्वत उभारून वर शिवलिंग बसविलें, आणि पुढच्या राजांनीं तोच क्रम चालविला. आपल्याकडे डोंगर कोरून देऊळ काढलें. तिकडे सपाट भातखाचरांच्या प्रदेशांत दगडावर दगड रचून डोंगर करावा लागला. डोंगर झाला कीं त्याच्या भोवतीं समुद्रही हवा. दुसऱ्या सूर्यवर्म्यानें बाराव्या शतकांत बांधलेल्या अंगकोर वाटच्या खंदकाची रुंदी सुमारें १९० मीटर आहे, आणि तिकडच्या पश्चिम तलावाची लांबी जवळजवळ ८ किलोमीटर. मेरु आणि क्षीरसागर या कल्पना आपल्या खऱ्या. पण पावसाळ्याच्या पाण्याशीं व्यवहार करणाऱ्या त्या लोकांनीं त्यांना जें अंगमाप दिलें तें आपल्या कोणत्याही क्षेत्रीं मला आढळलें नाहीं.

दुसऱ्या बाजूचा लोभही कांहीं कमी नव्हता. आंरी मूओ हा फ्रेंच प्रवासी १८६० सालीं अंगकोरला गेला आणि युरोपांत ‘हरवलेलें नगर सांपडलें’ असा गवगवा झाला. वास्तविक अंगकोर वाट येथें बौद्ध भिक्षु राहात होते, पूजा चालू होती, आणि पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकांतच तें पाहून गेले होते. पुढें १९२३ सालीं आंद्रे मालरो या तरुण लेखकानें बांते स्रेइच्याच भिंतींवरच्या देवतामूर्ति काढून नेल्या. तो पकडला गेला, दोषी ठरला, आणि कालांतरानें फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला. त्यानें दगड उचलले. आपण शब्दांनीं सबंध देऊळ उचलतों.

शिलालेखांच्या बाबतींत तर आपलें वाचन अर्धेंच असतें. कंबुजदेशचे पुष्कळसे लेख दुभाषी आहेत. आरंभीं संस्कृत श्लोक : देवांची स्तुति, राजाची वंशावळ, श्लेष आणि उपमा. खालीं ख्मेर गद्य : शेताच्या सीमा, तांदळाचीं मापें, देवळाला दिलेल्या सेवकांचीं नांवें. श्लोक वाचून आपण संतुष्ट होतों, कारण ते कळतात. हिशेब संस्कृतांत मुळींच नाहीं असेंही नव्हे. ता प्रोम येथील ११८६ सालच्या लेखांत सातव्या जयवर्म्यानें देवळाकडे लावून दिलेलीं ३,१४० गांवें आणि ६१५ नर्तकी मोजल्या आहेत. परंतु सेवकाला नांवानें ओळखावयाचें असेल तर ख्मेर मजकुराकडेच वळावें लागतें. ज्यांच्या खांद्यांवरून ते दगड गेले त्यांना आपल्या लेखांत स्थान नाहीं, याचें कारण ते आपल्याला कळणाऱ्या भाषेंत बोलत नाहींत एवढेंच आहे.

याच जयवर्म्याच्या बायोन देवळांत कथापुराणें थोडा वेळ बाजूला सरतात. बाहेरच्या भिंतीवर चंपा देशच्या सैन्याशीं झालेलें युद्ध आहे, आणि त्या युद्धाच्या शेजारींच बाजार, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाक. १२९६ सालीं तेथें आलेल्या चौ ता-क्वान या चिनी वकीलातींतील गृहस्थानें लिहून ठेवलें आहे कीं या देशांत व्यापार बायकाच पाहातात. भिंतीवर त्या बायका आहेत : जमिनीवर मांडी घालून, पुढें माल मांडून, गिऱ्हाइकाशीं घासाघीस करीत.