ड्रोनपूर्व आकाशछायाचित्रण : एक आलोकन

रेडिओ-नियंत्रित विमानप्रतिकृतीवर कॅमेरा बसवून भूमीची चित्रे घेण्याची जी कला ड्रोनच्या आगमनापूर्वी मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळींनी जोपासली, तिची नोंद आज खेळण्यांच्या दप्तरी होते, छायाचित्रकलेच्या नव्हे. आणि हा तिच्यावर उघड अन्याय आहे. वस्तुतः तिचे कूळ थोर. 1858 साली छायाचित्रकार नादारने पॅरिसजवळ बलूनमधून आकाशचित्र घेतले, 1888 साली आर्तुर बात्यूने पतंगाला कॅमेरा बांधला, आणि 1906 च्या भूकंपानंतर जॉर्ज लॉरेन्सने पतंगांच्या माळेवरूनच उद्ध्वस्त सॅन फ्रान्सिस्को टिपले.

या कलेची खरी अडचण वेगाची नव्हती. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात जेमतेम दोन सेंटिमीटर सरकते, आणि शंभर मीटर उंचीवरून तेवढे सरकणे चित्रात दिसतही नाही. चित्र बिघडवी ती इंजिनाची थरथर. म्हणून कॅमेरा स्पंजाच्या गादीवर, पंखांखाली, गुरुत्वमध्य ढळणार नाही अशा बेताने बसवावा लागे, आणि धुराड्यातून उडणारे एरंडेल भिंगावर येऊ नये म्हणून त्याचे तोंड विरुद्ध बाजूस ठेवावे लागे. एवढे करूनही जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाला कॅमेऱ्यातले काहीच दिसत नसे. विमानाचा कल आणि सूर्याची दिशा पाहून, अंदाजाने तो कळ दाबी. छत्तीस चित्रांचा रोल धुऊन आल्यावरच निकाल कळे. ज्याला खालची जमीन पायाखालची असे, त्याचेच चित्र साधे, आणि या कलेचे मर्म मला येथेच दिसते.

मराठी आकाशचित्रणाने मात्र हेलिकॉप्टरची वाट धरली. नौदलात सेवा केलेले गोपाळ बोधे यांचे काम आणि उद्धव ठाकरे यांचा 2010 चा ‘महाराष्ट्र देशा’ हा ग्रंथ यांनी किल्ले, किनारे व देवालये यांचे भव्य दर्शन घडविले, यात शंका नाही. पण भव्यतेची सवय जडलेल्या दृष्टीस शेताचा धुरा, म्हणजे बांध, दिसेनासा होतो. शिवाय 1937 च्या विमान नियमांतील तेराव्या नियमाने उडत्या विमानातून विनापरवाना छायाचित्रण करण्यास मनाई केलेली, त्यामुळे आकाशातून पाहणे हे सरकारदरबारी वजन असलेल्यांचेच काम राहिले.

पूर्व विदर्भातील आरमोरीचा मुलूख तर विमानप्रतिकृतीच्या या कलेसाठीच घडला असावा असे वाटते. एका काठास ब्रह्मपुरी, दुसऱ्यास आरमोरी अशी दोन जिल्ह्यांच्या मधून वाहणारी वैनगंगा, वैरागडचा रानाने वेढलेला भुईकोट, आणि सर्वत्र मालगुजारी तलाव व बोड्या, म्हणजे लहान तळी. मालगुजारीची जमीनदारी 1951 च्या सुमारास संपली, तलाव नावानिशी राहिले. पाळ, सांडवा, पाट आणि खाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या यांचा परस्परसंबंध काठावर उभे राहून कळत नाही, आणि हेलिकॉप्टरच्या उंचीवरून तो हिरव्या गोधडीत हरवतो. शंभर मीटरवरून 35 मिलिमीटरच्या भिंगात साधारण शंभर मीटर रुंदीचीच जमीन मावते. म्हणजे दोनचार बांध्या, त्यांतील रोवणीची रांग, न रोवलेल्या चिखलावर पडलेले ढगांचे प्रतिबिंब, आणि धुऱ्यावर टोचलेली तूर. पाणी कोणाच्या बांधीत आधी पोचले आणि कोठे अडले, हे अशा चित्रात तलाठ्याच्या नकाशाहून स्पष्ट वाचता येते.

आता ड्रोन आला. 2014 च्या ऑक्टोबरात नागरी उड्डाण महासंचालनालयाने घातलेली बंदी उठून 2021 च्या नियमांनी हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत मुभा दिली, आणि कॅमेऱ्याला दिसते ते चालकाच्या हातातील पडद्यावर दिसू लागले. सोय मोठी, पण माझ्या पाहण्यातील बहुसंख्य चित्रकार मुभा असेल तेवढी उंची गाठतात, भिंग सरळ खाली करतात आणि भर दुपारी नदीची नागमोडी आकृती काढून मोकळे होतात. सकाळच्या तिरप्या उन्हात, साठ मीटरवरून तिरकस घेतलेल्या चित्रात धुऱ्याची सावली पडते, आणि त्या सावलीवरूनच बांधीची खोली कळते.