केबल गेली, एवढेच?

मोटारसायकलच्या ‘राइड बाय वायर’ यंत्रणेचे एक ठरीव स्पष्टीकरण आहे: पूर्वी मुठीपासून इंजिनापर्यंत केबल असे, आता विजेची तार असते. जाहिरातीत ते असते आणि वर्गात मुलेही तेच सांगतात. वाक्य अगदी खोटे नाही, पण मुख्य गोष्ट त्याने झाकली जाते.

आधी एक जुना गैरसमज दूर करू. मूठ पिळली की ‘पेट्रोल सुटते’ असे आपण म्हणतो. इंधन-फवारणीच्या गाडीत मूठ सोडते ती हवा. हवेच्या नळीत आडव्या दांड्यावर एक गोल चकती बसवलेली असते. ती फिरली की वाट मोकळी होते. आत गेलेल्या हवेवरून इंधनाचे प्रमाण ठरते. केबलच्या गाडीत मूठ इतकी फिरली की चकतीही इतकी फिरणार, हे नाते कायमचे बांधलेले.

चकतीचा कोन आणि मोकळी वाट यांचे प्रमाण मात्र सरळ नाही. मुलांना वहीत काढून पाहू द्या. बंद स्थितीपासून चकती जितकी फिरली त्या कोनाची कोसाइन १ मधून वजा केली की मोकळा भाग साधारण कळतो: ३० अंशांना जेमतेम १३ टक्के, ६० अंशांना ५० टक्के. (दांड्याची जाडी येथे सोडून दिली आहे.) शिवाय इंजिन सावकाश फिरत असेल तर बारीक फटही त्याला पुरते, वेगात तीच अपुरी पडते.

नव्या यंत्रणेत मुठीचा कोन संवेदक मोजतो. संगणक तो कोन आणि इंजिनाची गती पाहून चकती किती उघडायची ते ठरवतो, छोटी मोटर ती फिरवते आणि चकतीपाशी असलेला दुसरा संवेदक ती कुठवर पोचली ते परत कळवतो. फरक उरला तर मोटरला पुन्हा हुकूम! शिक्षकांच्या परिचयाचे प्रत्याभरण ते हेच.

तेव्हा महत्त्व केबलीला नाही. २००६ च्या यामाहा आर-६ मध्ये ही यंत्रणा होती, तरी मुठीपासून संवेदकापर्यंत केबल होतीच. आर-१ मधून ती २०२० साली गेली. आपल्या चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकला ही यंत्रणा २०१७ साली मिळाली.

बदलले आहे ते असे की हात आता फक्त मागणी करतो. निर्णय संगणकातला तक्ता देतो. ज्या गाडीत पावसासाठी वेगळी कळ असते, तिथे ती दाबल्यावर मूठ तेवढीच पिळूनही जोर बेताने येतो. निसरड्या रस्त्यावर हे उपकारकच आहे. माझी तक्रार एवढीच, की तो तक्ता चालकाला सहसा दाखवला जात नाही. त्याच्या वाट्याला कळीवरचे नाव तेवढे येते.

वर्गात विचारण्याजोगा प्रश्न वेगळाच आहे. मुठीचा कोन मोजायला मुद्दाम दोन संवेदक ठेवतात. त्यांनी निरनिराळे आकडे सांगितले तर संगणकाने खरे कोणाचे मानावे? मुले बहुधा ‘सरासरी काढावी’ म्हणतील. संगणक तसे करत नाही. तो बिघाडाचा दिवा लावतो आणि इंजिनाचा जोर आवरतो. मोटरची वीज तुटलीच, तर स्प्रिंग चकतीला जवळजवळ बंद स्थितीत परत आणते.