‘कॅप्टन व्योम’ : आठवड्याची ओढ

वैज्ञानिक अद्भुतकथेची गोडी यंत्रांत असते, असा समज रूढ आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. १९९८ सालीं दूरदर्शनवर केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ ही हिंदी मालिका लागली, तेव्हां शिरढोण येथील आमच्या घरीं मुलें वेळेपूर्वींच संचापुढें बसत. त्यांतील यानें व शहरें उघडउघड संगणकानें रंगविलेलीं दिसत. तीं पाहून आम्हां वडीलधाऱ्यांस हसूं येई. परंतु तुरुंगांतून निसटलेल्या बारा अपराध्यांपैकीं आतां कोण सांपडणार, ही चिंता आम्हांसही सोडीत नसे. एक पकडला, तरी उरलेले मोकळेच!

अध्याय संपला कीं पोथी बासनांत बांधली जाई. श्रोत्यांच्या मनांत मात्र कथा चालूच राही. या मालिकेनेंही तेंच साधलें. मधल्या दिवसांत मुलें ओसरीवर अपराध्यांचे नवे डाव स्वतःच रचीत. मिलिंद सोमण यांनीं रंगविलेलें व्योमचें पात्र शूर खरें, पण एकसुरी. ती उणीव या प्रतीक्षेनें भरून काढली.

आज असल्या मालिका एका रात्रींत संपवितां येतात. चित्रें सुबक झालीं, हें निर्विवाद; पण प्रेक्षकानें आपल्या वाट्याची कथा रचावी, इतका अवकाश मात्र त्यांत उरला नाहीं.