मेख कुठे मारावी

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधला ‘रब’ इंग्रजीत आता वाक्प्रचार होऊन बसला आहे. पुष्कळ लेखक तो ‘मुख्य मुद्दा’ अशा अर्थाने सरसकट वापरतात. शब्द मुळात बोल्स या खेळातला. हिरवळीवरून घरंगळणारा चेंडू ज्या उंचवट्याला अडखळून वाट बदलतो, तो ‘रब’. आधी चेंडू चालता हवा, मगच अडथळ्याला अर्थ.

ही खूण नाशिककर वि. वा. शिरवाडकरांनी अचूक ओळखली. आगरकरांनी ‘विकारविलसित’मध्ये हॅम्लेट मराठीत आणलाच होता. ‘नटसम्राट’ (१९७०) लिहिताना शिरवाडकरांना मात्र त्या राजपुत्राची व्यथा थकलेल्या मराठी नटाच्या तोंडी शोभवायची होती. मरण म्हणजे झोप, असं मानून हा नट, गणपतराव बेलवलकर, तिच्याकडे ओढीने निघतो. विचाराला गती येते. झोपेतही स्वप्नं पडली तर? या शंकेपाशी जीभ अडखळते, आणि नेमका तिथे शब्द येतो ‘मेख’.

दुसरे शब्द हाताशी होतेच. ‘अडचण’ फार सपक. ‘गोम’ म्हटलं की कुणाच्या तरी लबाडीचा वास येतो. ‘खोच’मध्ये बोलणाऱ्याची हुशारी डोकावते. बेलवलकरांना ना कुणाची लबाडी पकडायची आहे, ना चमकायचं आहे. ‘मेख’ उच्चारून पाहा. लांबलेल्या ‘मे’नंतर श्वास ‘ख’वर आपटतो आणि नटाला थांबायला हक्काची जागा मिळते. डॉ. श्रीराम लागूंपासून कितीतरी नटांच्या आवाजाने ही जागा तोलून पाहिली आहे.

अर्थानेही मराठी शब्द इथे एक पाऊल पुढे जातो. ‘रब’ नुसता अडवतो. मेख अडवते आणि बांधूनही ठेवते. तंबूचे तणावे तिलाच, जनावराचं दावंही तिलाच. स्वप्नांची भीती बेलवलकरांना मरणाच्या वाटेवर रोखते, आणि नकोशा झालेल्या जगण्याशी जखडूनही ठेवते. दोन्ही गोष्टी एका अक्षरजोडीत मावल्या.

‘खरी मेख इथेच आहे’ हे वाक्य आपण लेखांतून हवं तिथे पेरतो. नुसतं महत्त्व सांगायचं असेल तर ‘मुद्दा’ पुरेसा आहे. वाचक एखाद्या निष्कर्षाकडे भरधाव निघाला असेल आणि पुढची गोष्ट त्याला खरोखरच अडवणार असेल, तरच मेख मारावी. उसना वाक्प्रचार आपलासा होतो तो अशा जागेच्या जाणिवेनेच.